जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या गावी गेली तर: निरोपापासून पहिल्या भेटीपर्यंत

मे २०१६ मध्ये माझ्या मैत्रिणीच्या बाबांची बदली झाली. ते बँकेत होते. साताऱ्याहून थेट नागपूर. आम्ही दोघी नववीत जाणार होतो. पहिलीपासून एकच बाक, संध्याकाळचा क्लास एकत्र, आणि रविवारी सकाळी तिच्या बाबांबरोबर अजिंक्यताऱ्यावर चढायचं. घरी सगळे म्हणाले, ‘अगं, फोन आहे की, रोज बोला.’ रोज बोलून काय होतं आणि काय होत नाही, हे कळायला मला वर्ष लागलं.

तुझी मैत्रीण जाणार असेल किंवा नुकतीच गेली असेल, तर हे तुझ्यासाठी लिहिते आहे. माझं ते वर्ष फार वाईट गेलं आणि त्यातलं निम्मं तरी टळलं असतं असं मला आज वाटतं. आम्ही अजून मैत्रिणी आहोत, हेही आधीच सांगून ठेवते.

१. जायच्या आधीचे पंधरा दिवस: भांडणापासून जप

बदलीचं कळल्यापासून ती जाईपर्यंत दोघींची भांडणं वाढतात. मला वाटायचं हे फक्त आमचंच झालं, पण नंतर ज्या ज्या मुलींशी बोलले त्यातल्या कितीतरी जणींनी हेच सांगितलं. रागावून निरोप घेणं रडून निरोप घेण्यापेक्षा सोपं जातं, म्हणून मन आपोआप भांडणाचं निमित्त शोधतं.

माझं निमित्त अगदी छोटं होतं. ती म्हणाली, ‘तिकडची शाळा मोठी आहे, लायब्ररी पण आहे.’ मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. सामान बांधायलाही गेले नाही. शेवटच्या दिवशी सकाळी सहाला पळत गेले तेव्हा ट्रक निघून गेला होता आणि ते सगळे गाडीत बसत होते. काकूंनी माझ्या हातात मोगऱ्याची कुंडी दिली. ट्रकमध्ये ती टिकली नसती. मैत्रिणीशी मी धड चार शब्दही बोलू शकले नाही.

म्हणून सांगते, ती नव्या गावाबद्दल उत्साहाने बोलली तर ते तुला सोडून जाण्याच्या आनंदातून आलेलं नसतं. तिलाही भीती वाटते आणि ती स्वतःचीच समजूत काढत असते. कट्टी झालीच असेल तर आज संध्याकाळी जा. पुस्तकं खोक्यात भरायला मदत कर. हात कामात असले की बोलणं सोपं जातं.

२. ती असतानाच वहीत लिहून घे

फोन हरवतात, नंबर बदलतात. कागदावरचं राहतं. एका वहीत हे लिही:

- नव्या घराचा पूर्ण पत्ता, पिनकोडसह. पत्ता अजून ठरला नसेल तर बाबांच्या ऑफिसचा.
- तिच्या आईचा आणि बाबांचा, दोघांचेही नंबर.
- तिच्या आजीच्या गावचा पत्ता. बदलीच्या नोकरीत शहराचा पत्ता काही वर्षांनी पुन्हा बदलतो, आजीचं घर मात्र जागच्या जागी असतं. ती सुट्टीत कोणत्या गावी जाते हेही विचारून ठेव. आमची दुसरी भेट तिच्या आजीकडेच झाली.
- घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस. काकूंना वाढदिवसाला फोन केलास तर घराघरांतलं नातं टिकतं, आणि पुढे ‘जाऊ का तिच्याकडे?’ असं विचारताना तेच कामी येतं.
- दोघींचा एक तरी फोटो छापून घे. फोटो स्टुडिओत काही मिनिटांत छापून मिळतो.

एकमेकींना द्यायला महागाची भेटवस्तू शोधत बसू नकोस. वापरातली वस्तू दे. माझ्याकडे तिची कंपासपेटी राहिली होती, दहावीच्या परीक्षेला मी तीच घेऊन गेले.

३. पहिला आठवडा: कोणत्या वेळा रिकाम्या झाल्या ते शोध

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि ही कुणी सांगत नाही.

मैत्रीण गेली की दिवसभर सारखंच दुःख होत नाही. ठरावीक वेळेला होतं. मला सकाळी काही वाटायचं नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला की घास उतरायचा नाही, कारण भाजीची अदलाबदल करायला कुणी नसायचं. मग क्लासहून परत येतानाची पंधरा मिनिटं. ती सर्वांत वाईट. पोवई नाक्यापर्यंत आम्ही रोज बोलत यायचो, आता मी एकटी यायचे आणि घरी येऊन आईवर चिडायचे. आणि रविवार सकाळ.

तू असं कर. आठवडाभर रोज रात्री एका ओळीत लिही, आज कधी जास्त आठवण आली. सात ओळी झाल्या की तुझ्या दोन किंवा तीन वेळा दिसतील. त्यांच्यापुरतंच काहीतरी करायचं, अख्ख्या आयुष्याचं नाही.

क्लासच्या वाटेसाठी मी रस्ताच बदलला. पाच मिनिटं जास्त लागायची, पण त्या रस्त्यावर तिच्या आठवणी नव्हत्या. दिवाळीनंतर कधीतरी मी आपोआप जुन्या रस्त्याने यायला लागले. रविवारी सकाळी मी आजोबांबरोबर मंडईत जायला लागले. पहिले दोन रविवार कंटाळा आला. तिसऱ्या रविवारी त्यांनी वांगी कशी निवडायची ते शिकवलं. काही वेळा मोकळ्याही सोड. आठवड्यातून एकदा गच्चीवर बसून मनसोक्त रडायची वेळ मी ठेवली होती, आणि त्या वेळेची मला गरज होती.

यातला खड्डा: रिकामी वेळ मोबाइलने भरणं. हातात फोन आला की तू तिचे जुने मेसेज वाचत बसशील किंवा तिच्या नव्या शाळेचे फोटो बघशील. त्या वेळेला चालणं, कुणाबरोबर तरी असणं किंवा हातांना काम असणं बरं.

४. शाळेतला बाक

शाळा सुरू व्हायच्या आधी वर्गशिक्षिकेला एकदा सांग, किंवा आईला सांगायला लाव: ‘माझी मैत्रीण गेली आहे, मला एकटीला शेवटच्या बाकावर बसवू नका.’ एवढंच. मी सांगितलं नाही आणि जुलैपर्यंत एकटी बसले.

डब्याच्या वेळी कोणत्या घोळक्यात बसायचं याची मुलींना फार भीती वाटते. चार जणींच्या पक्क्या घोळक्यात शिरायला जाऊ नकोस. दोघी-तिघींच्या सैल घोळक्यात जागा सहज मिळते. पहिल्या दिवशी डब्यात वाटता येईल असं काहीतरी ने.

५. फोन: वेळ ठरव

तिकडे गेल्यावर पहिला घोटाळा सुट्ट्यांचा झाला. आमची शाळा जूनच्या मध्यावर सुरू झाली, आणि विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात. तिला अजून सुट्टी होती, ती दुपारी बारा वाजता आमच्या घरी फोन करायची आणि मी वर्गात. संध्याकाळी मी आईचा फोन घ्यायचे तर बॅलन्स नसायचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि बोलणं जवळजवळ फुकट झालं. आम्हाला वाटलं प्रश्न सुटला. मग आम्ही रोज रात्री बोलायला लागलो आणि दोन महिन्यांत बोलायला काही उरलं नाही. ‘आणखी काय?’ ‘काही नाही, तू बोल.’ ते गप्प बसणं मला भांडणापेक्षा जड गेलं.

शेजारी राहणाऱ्या मैत्रिणीचा जो ‘रोज’ असतो, तो फोनवर उचलून नेता येत नाही. आम्हाला शेवटी जे जमलं ते असं:

- आठवड्यातून एक ठरलेला दिवस, ठरलेली वेळ. आमचा शनिवार, रात्री साडेआठ, जेवण झाल्यावर. ही वेळ दोन्ही घरांत माहीत असू दे, म्हणजे कुणी हाका मारत नाही.
- मधल्या दिवसांत वाटेल तेव्हा छोटे निरोप, उत्तराची अपेक्षा न ठेवता. बोलून पाठवलेला एक मिनिटाचा निरोप लिहिलेल्यापेक्षा जवळचा वाटतो.
- फोन चुकला तर पुढच्या दिवसाची वेळ लगेच ठरवायची. कारणं विचारायची नाहीत.

ब्रिटनमध्ये सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी शाळा संपवून विद्यापीठात गेलेल्या मुलामुलींच्या मैत्रीवर दीड वर्ष लक्ष ठेवलं होतं. मुलींची जवळीक बोलत राहिल्याने टिकली, मुलांची एकत्र काहीतरी करण्याने. म्हणजे बोलण्याला अर्थ आहेच. फक्त बोलायला काही साठायला हवं, आणि त्यासाठी मध्ये थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात.

यातले खड्डे: व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निळ्या खुणा मोजणं. ‘ऑनलाइन होतीस, मग उत्तर का नाही दिलंस?’ हा प्रश्न. एकमेकींचे पासवर्ड घेणं. रात्री बारानंतर सुरू केलेलं गंभीर बोलणं, कारण त्या वेळी साधं वाक्यही लागतं. आणि एक मोठा खड्डा: तुझं दुःख स्टेटसला वाचून इन्स्टावर कुणी अनोळखी ‘मी आहे ना’ म्हणत जवळ आला, तर त्याला उत्तर न देता त्याच दिवशी घरी सांग. एकटं वाटत असताना अशा माणसाचं बोलणं फार गोड लागतं. त्यात तुझी चूक नसते, म्हणून सांगायला लाजू नकोस.

६. पत्र लिही, खरंच लिही

फोनवर जे बोलता येत नाही ते पत्रात येतं. मी तिच्याशी बोलले नव्हते त्या आठ दिवसांची माफी मला फोनवर कधीच मागता आली नाही. ऑगस्टमध्ये पत्रात मागितली. तिचं उत्तर आलं त्यात पहिलीच ओळ होती, ‘मी पण मुद्दाम बोलले होते.’

लागणारं सामान: अंतर्देशीय पत्र (पोस्टात मिळणारा, लिहून घडी घालून चिकटवायचा कागद) किंवा साधं पाकीट, तिकीट, बॉलपेन (शाईचं पेन पावसाळ्यात पसरतं), आणि डिंक. पाकिटाला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट लागायचं. पोस्टात वजन करून घे, कमी तिकीट लावलं तर पत्र घेणाऱ्याला भुर्दंड पडतो. मोगऱ्याची सुकलेली फुलं मी आधी अंतर्देशीय पत्रात घालायला निघाले होते, पण त्यात आत काहीही ठेवायला परवानगी नसते, तसं त्यावर छापलेलंच असतं. फुलं, फोटो, पिसं, जे पाठवायचं ते पाकिटातून. फुलं आधी वहीत आठ दिवस दाबून सुकव, ओली पाठवलीस तर अक्षरं डागाळतात.

हरवू नये असं काही असेल तर स्पीड पोस्ट कर. जुनं रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच मिळवलं आहे, त्यामुळे खिडकीवर ‘रजिस्टर’ मागितलंस तरी तुला स्पीड पोस्टच सांगतील.

पिनकोड न चुकता लिही. आपली ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी, संस्कृतचे मोठे जाणकार. पहिला आकडा विभागाचा असतो. साताऱ्याचा पिनकोड ४१५ ने सुरू होतो, नागपूरचा ४४० ने. दोन्हींत पहिला चार. त्या दिवसांत मला त्या चारचाही आधार वाटायचा.

७. ती बदलेल, तेव्हा

सप्टेंबरात एकदा फोनवर ती सहज म्हणाली, ‘काय करून राहिली?’ मी गप्प झाले. आमच्याकडे आम्ही ‘काय करतीयास’ म्हणायचो. एका वाक्यात मला वाटलं, ती आता तिकडची झाली. त्याच महिन्यात ती पोळ्याबद्दल किती वेळ सांगत होती. आमच्या साताऱ्याकडे बैलांचा सण म्हणजे आषाढातला बेंदूर, तिकडे श्रावणातल्या अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा, आणि नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक. ती भारावून गेली होती. मी ‘हं, हं’ करत होते आणि मनात म्हणत होते, माझ्याशिवाय हिला एवढं छान वाटतंच कसं.

हे वाटणं वाईटपणाचं लक्षण नाही. पण ते तिच्यावर काढू नकोस. अशा वेळी एकच कर: तिला प्रश्न विचार. ‘मारबत कशाची करतात? जाळतात का? तू कुणाबरोबर गेलीस?’ माहिती कळली की ते गाव परकं राहत नाही. मी नंतर नागपूरचा नकाशा काढून तिची शाळा, तिचं घर, ती तर्री पोहे खाते ती टपरी, सगळं वहीत मांडलं. ती कुठून बोलते आहे ते डोळ्यांसमोर यायला लागलं आणि मत्सर बराच उतरला.

तिच्या नव्या मैत्रिणीचं नाव निघेल. ते ऐकताना पोटात गोळा येईल. ती कशी आहे ते विचार, तुलना नको. आणि तुझ्या नव्या मैत्रिणींबद्दल तिच्यापासून लपवू नकोस. मी लपवलं होतं. तिला दुसरीकडून कळलं, आणि तिला वाईट वाटलं ते लपवण्याचं.

८. नवी मैत्रीण: घाई नको, हिशेब कर

ऑगस्टमध्ये मी वर्गातल्या एका मुलीला जवळजवळ ओढूनच माझ्या बाकावर आणलं आणि पंधरा दिवसांत तिच्याकडून सगळं मागायला लागले: क्लासला सोबत, डबा सोबत, गुपितं. ती बिचारी दूर झाली. जुन्या मैत्रिणीची जागा तशीच्या तशी भरणारी कुणी शोधू नकोस. एक जण गणिताला, एक जण वाटेवरच्या गप्पांना, एक कबड्डीला, असं चालतं.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्री व्हायला किती वेळ लागतो ते तपासलं. ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, आणि जवळची मैत्री व्हायला २०० तासांहून जास्त. आता आपला हिशेब बघ. मधली सुट्टी अर्धा तास, शाळेचे दिवस वर्षाला दोनशेच्या आसपास. म्हणजे फक्त डबा एकत्र खाल्ला तर वर्षाला १०० तास. २०० व्हायला दोन वर्षं. क्लासची वाट, स्नेहसंमेलनाच्या तालमी, एखादा प्रकल्प धरला तर एक वर्ष. ऑगस्टमध्ये मला जिवाभावाची मैत्रीण हवी होती, ते शक्यच नव्हतं. हा हिशेब मला फार उशिरा कळला, पण कळला तेव्हा स्वतःवरचा राग गेला.

९. मोठ्यांना कधी सांगायचं

‘एवढ्यात काय रडायचं, मिळतील दुसऱ्या मैत्रिणी,’ असं घरी कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस. नेमकं काय हवं ते सांग: ‘मला उपदेश नको, फक्त दहा मिनिटं ऐक.’ माझ्या आईला असं सांगितल्यावर तिने खरंच ऐकलं आणि मग तिच्या अकरावीतल्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली, जी मी कधीच ऐकली नव्हती.

आठवण येणं, रडू येणं हे चालेल. पण दोन आठवडे उलटून गेले तरी झोप नाही, जेवण नाही, शाळेत जावंसं वाटत नाही, आवडीच्या कशातच मन लागत नाही, असं असेल तर घरच्यांना सांगून समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलण्यासाठी सरकारची मोफत सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ हाही मोफत नंबर आहे. जगावंसं वाटत नाही किंवा स्वतःला इजा करावी असं मनात आलं, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच क्षणी जवळच्या मोठ्या माणसाला उठवून सांग, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

१०. भेट: तारीख ठरव, तिकीट काढ

‘कधीतरी भेटू’ यातली भेट होत नाही. सुट्टीची तारीख कळली की दोन्ही घरांच्या आयांना एकमेकींशी बोलू दे, तुमच्या दोघींच्या बोलण्याने ठरत नाही.

साताऱ्याहून नागपूरला महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे, कोल्हापूर-गोंदिया, आणि प्रवासाला जवळजवळ अख्खा दिवस जातो. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. दिवाळीच्या सुट्टीसाठी ती तारीख मोजून कॅलेंडरवर गोल कर, कारण उशीर झाला की हाती प्रतीक्षा यादी येते. एसटीने जाणार असशील तर राज्यात महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, मुलींनाही.

बरोबर ने:

- आधार कार्ड आणि शाळेचं ओळखपत्र.
- तिच्या बाबांचा नंबर कागदावर लिहिलेला, खिशात. पिशवीत नको.
- तिच्या घरासाठी गावचं काहीतरी. आम्ही कंदी पेढे नेले, परतताना संत्रा बर्फी आली.
- सोबत मोठं माणूस. पहिल्या वेळी एकटीने हट्ट करू नकोस.

आणि एक गोष्ट आधीच माहीत असू दे. भेटल्यावर पहिले दोन तास अवघडल्यासारखं होईल. मला वाटलं होतं धावत जाऊन मिठी मारू. तिच्या घरात शिरले तर ती उंच झाली होती, केस कापले होते, आणि मला ‘ये ना, बस ना’ करत होती, पाहुण्यांना करतात तसं. मी पाणी प्यायले. आम्ही दोघी पंख्याकडे बघत बसलो. मनात आलं, संपलं सगळं.

काकूंनी परातीत मटार आणून आमच्या मध्ये ठेवला आणि सोलायला सांगितला. एक किलो होता. अर्धा सोलून झाला तेव्हा तिने एक कोवळी शेंग माझ्याकडे फेकली आणि म्हणाली, ‘मोगरा कसाय?’ मी सांगितलं, आईने दोनदा छाटला, या मे महिन्यात भरपूर फुलला. मग उरलेला मटार कधी संपला ते आम्हाला कळलं नाही. तू जाशील तेव्हा पहिल्या दोन तासांसाठी असलंच काहीतरी हातात घे.